काळ्या गाडीचा उलटा घसारा

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मला वीसएक वर्षे झाली. त्या पदवीतली बरीचशी विद्या परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडताना तिथेच राहिली. पण एक गोष्ट मात्र डोक्यात कायमची मुक्कामाला आली. ती म्हणजे घसारा. जगातली प्रत्येक वस्तू दर वर्षी थोडी थोडी झिजते, आणि ती किती झिजली हे तिला न विचारता आपण वहीत लिहून मोकळे व्हायचे, याला घसारा म्हणतात. टेबल, पंखा, तिजोरी, कोणाचीही त्यातून सुटका नाही. मोटारगाडीसाठी आपल्या आयकर खात्याने शेकडा पंधरा हा दर ठरवून दिला आहे. शंभर रुपयांची गाडी वर्षाअखेर पंच्याऐंशीची, दुसऱ्या वर्षाअखेर बहात्तरची, आणि असे करत करत एक दिवस भंगारवाल्याच्या काट्यावर. कारकुनाचेही साधारण असेच असते. फक्त त्याचा दर कोणी छापलेला नाही.

बँकेत मी वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो. त्यामुळे शोरूमच्या दारातून बाहेर पडल्या पडल्या गाडीची किंमत कशी पायरी उतरते, हे मला रोज दिसते. कर्जदार पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला असतो, मी पेढा तोंडात टाकतो आणि मनातल्या मनात शेकडा पंधरा वजा करतो. हा नियम सूर्यचंद्रासारखा अढळ आहे अशी माझी समजूत होती. तिला सुरुंग लावला तो अमेरिकेतल्या एका काळ्या गाडीने.

ब्यूक ग्रँड नॅशनल हे तिचे नाव. या जातीची शेवटची गाडी ११ डिसेंबर १९८७ रोजी मिशिगन राज्यातल्या पाँटिअॅक गावच्या कारखान्यातून बाहेर पडली. नवी असताना ही गाडी पंधरा ते वीस हजार डॉलरांच्या दरम्यान मिळत असे. आपल्या घसाऱ्याच्या हिशेबाने चौतीस वर्षांनी त्या शेवटच्या गाडीचे साठ ते ऐंशी डॉलर यायला हवे होते. मी हिशेब दोनदा तपासला आहे. प्रत्यक्षात जानेवारी २०२२ मध्ये अॅरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल इथे बॅरेट-जॅक्सन या लिलाववाल्यांकडे ती साडेपाच लाख डॉलरांना गेली. ही गाडी एकूण चालली होती तेहतीस मैल.

तेहतीस मैल म्हणजे त्रेपन्न किलोमीटर. मुंबईच्या सीएसएमटीहून कल्याण जवळजवळ तितकेच. कल्याणचा कारकून हे अंतर रोज सकाळी एका पायावर उभ्याने कापतो आणि त्याची किंमत काही वाढत नाही.

ही बातमी मला कळवली ती माझ्या धाकट्या मेव्हण्याने. तो डेट्रॉइटजवळ नोकरीला आहे आणि मोटारींच्या गावात राहून राहून त्याच्या बोलण्यातही पेट्रोलचा वास येऊ लागला आहे. "भाऊजी, तुमच्या बँकेत ठेव ठेवण्यापेक्षा ही गाडी घेऊन गॅरेजमध्ये ठेवली असती तर!" असे तो म्हणाला. मुदत ठेवीचा अपमान मी सहसा सहन करत नाही. म्हणून या गाडीचे खानदान शोधायला बसलो, आणि जे हाती लागले ते आमच्या कोणत्याही लेजरपेक्षा गमतीदार निघाले.

पण आधी टर्बो म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण सगळी करामत त्याची आहे. मेव्हण्याने मला ते तीनदा समजावले. टर्बाइन, कंप्रेसर, बूस्ट असे शब्द हवेत उडत होते. शेवटी आतून भाजी चिरता चिरता आमची सौ. म्हणाली, "अहो, फुंकणीच की ती!"

आणि खरेच, फुंकणीच. इंजिनाला खायला लागते पेट्रोल आणि हवा. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. पण जाळायला हवा पुरली नाही तर चूल नुसती धुरकटते. जास्त हवा घ्यायची तर जुना उपाय एकच, चूल मोठी करा. इंजिन आठ लिटरांचे करा, मग ते रोज पेट्रोलचा हंडा पितो म्हणून रडत बसा. दुसरा उपाय लहान चुलीला फुंकणी लावायचा. टर्बोची हुशारी अशी की इथे फुंकायला सुनेची गरज नाही, चुलीचा धूरच चूल फुंकतो. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर वाटेत एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून आत कोंबते. जो धूर वाया जाणार तोच कामाला लावला. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने असे फुंकणीवाले विमानाचे इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेऊन चालवून दाखवले, कारण तिथे विरळ हवेत माणसाबरोबर इंजिनालाही धाप लागते.

या फुंकणीत दोन खोडी आहेत. एक, धूर जमल्याशिवाय ती फुंकत नाही. पाय दाबला की गाडी क्षणभर विचार करते, वरिष्ठांकडे फाइल पाठवते, आणि मंजुरी आली की एकदम धावत सुटते. दुसरी, दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेने इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसू लागतात. अमेरिकन टर्बो गाडीचा सगळा इतिहास या दोन खोडींशी घातलेल्या भांडणाचा आहे.

पहिले भांडण १९६२ सालचे. त्या वर्षी जनरल मोटर्सने एकदम दोन टर्बो गाड्या बाजारात आणल्या, शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबील जेटफायर. आपण जेटफायरकडे पाहू, कारण तिचा स्वभाव मला ओळखीचा वाटतो. इंजिन अॅल्युमिनियमचे, २१५ घन इंचांचे आणि शक्तीही २१५ अश्वशक्तीची. एका घन इंचाला एक घोडा, असा चोख ताळेबंद. ठोके बसू नयेत म्हणून इंजिनिअरांनी तोडगा काढला की टर्बो जोरात आला की आत एक थंडगार द्रव शिंपडायचा. निम्मे शुद्ध पाणी, निम्मे मेथिल अल्कोहोल, गंज न चढण्यापुरते थोडे औषध. या तीर्थाला नाव दिले टर्बो-रॉकेट फ्लुइड. ते भरायला बॉनेटखाली वेगळी टाकी, संपत आले की सांगायला वेगळा दिवा.

इंजिनिअर हुशार असतात, पण त्यांना गिऱ्हाईक कळत नाही. जो माणूस पेट्रोलचा काटा तळाला टेकेपर्यंत पंपावर जात नाही, तो हे तीर्थ आठवणीने भरील? टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःला वाचवायला टर्बोचा जोरच कमी करी, आणि मालक म्हणे, गाडीत दम नाही. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या वर गाड्या तयार झाल्या आणि बंद झाल्या. १९६५ साली कंपनीने मालकांना सांगून टाकले की या, आम्ही टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देतो. कितीतरी लोक गेले आणि काढून आले. आज टर्बोसकट असलेली जेटफायर शोधायला संग्राहक अमेरिका पालथी घालतात. ज्याने आळसाने गाडी तशीच ठेवली तो दूरदर्शी ठरला. गुंतवणुकीच्या शास्त्रात आळसाला फार मोठे स्थान आहे, फक्त सल्लागार ते सांगत नाहीत.

तिकडे १९६४ मध्ये पाँटिअॅकने वेगळीच वाट धरली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन घालू नये असा जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटिअॅकच्या मंडळींनी नियम नीट वाचला आणि ३८९ घन इंचांचे इंजिन 'गिऱ्हाइकाने मागितल्यास जादा सामान' म्हणून दिले. नियमही राहिला आणि गाडीही पळाली. ही जीटीओ. अशी परिपत्रके वाचण्याची कला सरकारी खात्यांपुरती नाही, हे वाचून मला फार बरे वाटले. पाहता पाहता प्रत्येक कंपनीने आपापला पैलवान आखाड्यात उतरवला. त्यांनाच मसल कार म्हणतात. १९७० साली शेव्हेल गाडीत सव्वासात लिटरांहून मोठे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन मिळत होते.

मग पैलवानांना एकामागून एक दुखणी लागली. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, विम्याचे वाढलेले हप्ते, शिसेविरहित पेट्रोल, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी केलेली तेलबंदी. त्यातच १९७२ पासून शक्ती मोजायची पद्धत बदलली. आधी नुसते इंजिन बाकावर ठेवून मोजत. आता सगळी उपकरणे लावून, गाडीत असते तसे मोजू लागले. पगारदाराला हे सांगावे लागत नाही. नेमणुकीच्या पत्रातला पगार वेगळा आणि पहिल्या तारखेला खात्यात पडतो तो वेगळा. १९७५ साली कॉर्व्हेटसारख्या मिरवणाऱ्या गाडीचे साधे इंजिन उरले १६५ अश्वशक्तीचे. पैलवान पेन्शनीत निघाले होते.

इथे आपल्या नायिकेचा, त्या सहा सिलिंडरी ब्यूक इंजिनाचा प्रवेश होतो, आणि तोही मागच्या दाराने. ब्यूकने हे व्ही-सिक्स इंजिन १९६२ मॉडेलच्या स्पेशल या गाडीत आणले होते. स्वस्त, काटक, पण थरथरणारे. चालू केले की चहाच्या कपबशा मांडल्यासारखा आवाज. पैलवानांच्या काळात त्याची लाज वाटू लागली, म्हणून १९६७ साली जनरल मोटर्सने त्याची सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कैझर कंपनीला विकून टाकली. १९७० साली जीप गेली अमेरिकन मोटर्सकडे, तिच्याबरोबर हेही गेले. तेलबंदी आली तेव्हा ब्यूकवाल्यांना लहान इंजिन हवे झाले आणि आठवले, अरे, आपल्याकडे होते की एक! १९७४ साली तीच यंत्रसामग्री परत विकत आणली आणि मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यात पुन्हा मांडली.

आमच्या लहानपणी आईने बोहारणीला दिलेला पितळी डबा आजीने दुसऱ्या दिवशी गल्ली शोधून, वर दोन साड्या देऊन परत आणला होता. तो प्रसंग घरात फार वर्षे टोमण्यांसाठी वापरला गेला. जनरल मोटर्ससारखी कंपनीही तेच करते म्हटल्यावर आईचा मान आपोआप वाढला. जेटफायरच्या त्या अॅल्युमिनियमच्या इंजिनाचे ब्यूककडे एक जुळे भावंड होते. तेही कंपनीने ६५ सालीच इंग्लंडच्या रोव्हरला विकले होते. ते मात्र परत आले नाही. रोव्हर आणि रेंज रोव्हर गाड्यांतून ते या शतकापर्यंत नांदले.

परत आलेल्या डब्याला ब्यूकवाल्यांनी फुंकणी लावली. १९७६ मध्ये टर्बो लावलेली ब्यूक सेंच्युरी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पुढे धावणारी मानाची गाडी झाली. १९७८ मध्ये रीगल आणि लेसेबर या गाड्यांत टर्बो विकायला आला. १९८२ मध्ये ग्रँड नॅशनल हे नाव प्रथम आले; नॅसकारच्या शर्यतींवरून घेतलेले, कारण ८१ आणि ८२ साली तिथे उत्पादकांचे अजिंक्यपद ब्यूकने मिळवले होते. त्या वर्षीच्या गाड्या राखाडी रंगाच्या आणि दोनशेच्या वर थोड्याच.

१९८४ साली ती काळी झाली. नुसती काळी नव्हे. जिथे चकचकीत पट्ट्या असतात तिथेही काळी. ब्यूक ही तोवर डॉक्टर, वकील आणि निवृत्त मुख्याध्यापक यांची गाडी. मऊ गाद्या, सावकाश वळणे. त्या घराण्यातून ही निघाली, म्हणजे कीर्तनकाराच्या घरात कुस्तीगीर. १९८६ मध्ये इंटरकूलर आला. दाबलेली तापलेली हवा आधी गार करून मग इंजिनाला द्यायची, आमच्याकडे बशीत ओतून चहा देतात तशी. जेटफायरच्या तीर्थाचे काम आता वाऱ्याने होऊ लागले आणि भरायचे विसरायची सोय उरली नाही. शक्ती झाली २३५, आणि ८७ साली २४५ अश्वशक्ती.

त्याच वर्षी त्याच जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेटला पावणेसहा लिटरांच्या आठ सिलिंडरांतून मिळत होते २४० घोडे. घरच्या लाडक्या राजकुमारापेक्षा बोहारणीकडून परत आणलेला डबा पाच घोड्यांनी पुढे! हिशेबाच्या वहीत पाच म्हणजे काहीच नाही. पण घरात असे पाच फार बोचतात.

रीगलची ही मागच्या चाकांवर चालणारी पिढी ८७ सालीच संपणार होती. ब्यूकवाल्यांनी ठरवले, जाता जाता शेवटचा बार उडवायचा. एएससी आणि मॅक्लॅरेन या दोन कंपन्यांच्या हातून ५४७ ग्रँड नॅशनल खास सजवून घेतल्या. नवा टर्बो, मोठा इंटरकूलर, मागच्या आसाची वेगळी बांधणी, चाकांवरच्या पत्र्याला श्वास सोडायच्या फटी. नाव जीएनएक्स. कागदावर शक्ती २७६, अंगात त्याहून बरीच जास्त. ताशी शून्यापासून साठ मैलांचा वेग पाच सेकंदांच्या आत. किंमत एकोणतीस हजार डॉलरांच्या वर. तेव्हा लोकांना ती महाग वाटली. आज चांगल्या स्थितीतली जीएनएक्स लाख डॉलरांच्या वर सहज जाते. १९८७ मध्येच जन्मलेल्या केंड्रिक लमार या रॅप गायकाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या अल्बमला 'जीएनएक्स' हेच नाव दिले आणि मुखपृष्ठावर गाडीशेजारी स्वतः उभा राहिला.

फुंकणीवाल्या गाड्या आणखीही झाल्या. फोर्डची ८४ सालची मस्टँग एसव्हीओ चार सिलिंडरांची. तिच्यात साधे पेट्रोल भरले की उंची, हे गाडीला सांगायला चक्क बटण होते. कॅरोल शेल्बीने डॉजच्या ओम्नी या बाजारहाटाच्या गाडीला जीएलएच नाव दिले आणि पुढे तिला टर्बोही लावला. 'गोज लाइक हेल' या शब्दांची ती आद्याक्षरे. आपल्याकडे भूत लागल्यासारखी पळते म्हणतात तसे. पाँटिअॅकच्या ट्रान्स अॅमच्या विसाव्या वाढदिवसाला, १९८९ साली, ब्यूकचेच इंजिन बसवून साडेपंधराशे गाड्या काढल्या. आणि १९९१ मध्ये जीएमसीचा सायक्लोन हा काळा टेंपो आला, ज्याने पाव मैलाच्या शर्यतीत एका मासिकाच्या चाचणीत फेरारीला मागे टाकले; पण मागच्या हौद्यात पाचशे पौंडांपेक्षा जास्त माल भरू नका, अशी मालकाला ताकीद होती. फेरारीला हरवणारा आणि सिमेंटची पाच पोती न झेपणारा टेंपो जगात एकच.

या सगळ्यांत भाव मिळतो कशाला? वेगाला म्हणावे तर आज विजेवर चालणाऱ्या कितीतरी घरगुती गाड्या, मागे बाळाची खुर्ची बांधून, आवाज न करता तितक्याच वेळात साठ मैल गाठतात. भाव मिळतो तो कागदाला, असे माझ्या कारकुनी मनाला आढळले आणि मी सुखावलो. जुन्या रीगलला काळा रंग मारून, बिल्ले चिकटवून ग्रँड नॅशनल म्हणून विकणारे महाभाग तिकडेही आहेत. मग खरी-खोटी ओळखायची कशी? ८६-८७ च्या गाडीच्या सतरा आकडी क्रमांकात आठवा आकडा सात असेल तरच टर्बो इंजिन खरे. आणि कारखान्याने चिकटवलेल्या सामानाच्या चिठ्ठीवर 'डब्ल्यूई २' असे असेल तरच ती ग्रँड नॅशनल. लाखो डॉलरांचा व्यवहार एका जुनाट चिठ्ठीवर! 'सही जुळत नाही' म्हणून चेक परत करताना लोक माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्यांनी हे जरूर वाचावे.

दुसरा भाव मिळतो न चालण्याला. मैल जितके कमी तितके डॉलर जास्त. त्या शेवटच्या गाडीचे साडेपाच लाख डॉलर तेहतीस मैलांनी भागून पाहा. मैलाला साडेसोळा हजारांच्या वर आले. नवी अख्खी गाडी साधारण तेवढ्यालाच मिळत होती! आणि न चालणारी गाडी सुखात असते असेही नाही. टायर उभ्या उभ्या कडक होऊन तडकतात, रबरी नळ्या ठिसूळ होतात, टाकीतले पेट्रोल डिंकासारखे होते. पळण्यासाठी जन्मलेली गाडी पळाली की किंमत जाते, आणि नाही पळाली की तब्येत जाते.

मेव्हण्याच्या शेजारी एक निवृत्त म्हातारबुवा राहतात. फ्लिंटच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे काढली. १९८७ साली कर्ज काढून त्यांनी नवी ग्रँड नॅशनल घेतली आणि वापरली. एक लाख चाळीस हजार मैल! दोन्ही मुली जन्मल्यावर याच गाडीतून घरी आल्या, त्यांतली एक लग्नाला याच गाडीतून गेली. आता नातू कॉलेजात जायचा आहे, फी डोंगराएवढी, आणि आजी म्हणते, गाडी विका. मेव्हण्याने व्हिडिओवर ओळख करून दिली, हे भाऊजी, बँकेत असतात. बँकेत म्हटल्यावर म्हातारबुवा सावरून बसले. तिकडेही हा परिणाम होतो हे पाहून बरे वाटले.

आजीबाईंची तक्रार होती की गाडी कुलपात ठेवली असती तर आज लाखभर डॉलर आले असते. आता पंचवीस-तीस हजारांवर कोण देतो?

"कुलपात ठेवली असती तर मुली काय दवाखान्यातून चालत आल्या असत्या?" म्हातारबुवा म्हणाले.

मी कागद ओढला. म्हटले, आजीबाईंचे सत्तर हजारांचे नुकसान आपण धरून चालू. भागिले एक लाख चाळीस हजार मैल. मैलाला अर्धा डॉलर पडला. सदतीस-अडतीस वर्षे जिच्यातून घर चालले त्या गाडीचे भाडे मैलाला अर्धा डॉलर. या भावात डेट्रॉइटला टॅक्सी मिळते का? मेव्हण्याने भाषांतर केले. आजीबाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "पण फीचं काय?" प्रश्न बिनतोड होता. भागाकाराने फी भरता येत नाही.

मागे उभा असलेला नातू म्हणाला, "गाडी विकू नका. फीसाठी मी कर्ज काढतो."

कर्ज हा शब्द कानावर पडताच माझा हात सवयीने टेबलाच्या खणाकडे गेला, जिथे आमचे अर्ज असतात. पण खण घरचा होता आणि त्यात नुसते लाइटचे बिल होते. म्हातारबुवांनी अजून गाडी विकलेली नाही. निर्णय 'विचाराधीन' आहे. आमच्या बँकेत या शब्दावर लोक निवृत्त झालेले आहेत.

मेव्हण्याकडून असे कळते की केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन गावी बीच बेंड नावाची सरळ शर्यतीची पट्टी आहे आणि दर वर्षी देशभरचे ब्यूकवाले आपापल्या जुन्या गाड्या घेऊन तिथे जमतात. शेजारचे म्हातारबुवा न चुकता जातात. पाव मैलाची धाव. पाय दाबायचा, गाडी क्षणभर फाइल वर पाठवते, मग शीळ घालत सुटते, आणि चौदा-पंधरा सेकंदांत सगळे संपते. लिलावातल्या त्या गाडीच्या दराने अशी एक धाव चार हजार डॉलरांच्या वर पडते. म्हणून ती बिचारी कुलपात आहे. म्हातारबुवांची पडते साडेबारा सेंटला. मी हा आकडा कळवला तेव्हा त्यांनी उलट निरोप पाठवला, की मग या खेपेला दोन धावा जास्त मारीन म्हणतो.